कॉर्टिसोल जास्त म्हणायचं की कमी? गोळी, वाढलेलं वजन आणि नणंदेच्या गमीज

शिलाईमाई (कराड)
१४ जून, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. इथे पाककृती वाचायला येते, धागा पहिल्यांदाच काढतेय. टायपिंग मुलाने शिकवलंय, चुका पोटात घाला. जरा लांबण लागेल.

वय ५३. कराडात २९ वर्षं ब्लाउज शिवते. मशीनवर बसून बसून गुडघे आणि मनगटं धरली होती. बाजारच्या दिवशी एक जण गाडीवर पुड्या विकायचा. राखाडी भुकटी, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली, सकाळ-संध्याकाळ मधातून घ्यायची. "जडीबुटी आहे, अपाय नाही." महिन्याचे सहाशे रुपये. खोटं कशाला सांगू, तिसऱ्या दिवशी मी मांडी घालून जेवायला बसले. वर्षभरात पहिल्यांदा. दिवाळीच्या आधी रात्री एक-एक वाजेपर्यंत शिवलं आणि सकाळी टुणकन उठले. भूक तर अशी की चपात्या मोजायचं सोडून दिलं.

चौदा महिने घेतल्या.

आता ऐका. माझ्या मापाच्या वहीत गिऱ्हाइकांसारखं माझंही एक पान आहे. कंबर ३३ ची ३९ झाली, वजन ६२ चं ७५. त्यात काही नवल नाही म्हणाल. पण दंडघेर १२ होता तो साडेदहावर आला! बाई सुटते तेव्हा दंड आधी सुटतो, हे मी हजारो बायकांची मापं घेऊन सांगते. पोट पुढे आणि दंड काटकुळे, असं माप मी कधी शिवलं नव्हतं. मानेखाली मांसाचा उंचवटा आला, त्याने ब्लाउजचा मागचा गळा उचलायला लागला. मी आपली शोल्डरला दोष देत उसवतेय आणि पुन्हा शिवतेय. चेहरा भाकरीसारखा गोल, गाल लाल. सगळे म्हणाले, माई तब्येत सुधारली. पोटावर बोटभर रुंद जांभळे पट्टे उठले, ते कुणाला दाखवणार. कात्रीचा दांडा नुसता घासला तरी काळंनिळं व्हायचं.

मग जानेवारीत तो गाडीवाला यायचाच बंद झाला. पुड्या संपल्या. पाचव्या दिवशी अंथरुणातून उठवेना, अन्नाचा वास सहन होईना, उलट्या, भोवळ. मुलाने दवाखान्यात नेलं तेव्हा बीपी ८४/५०, साखर ६२, रक्तातलं सोडियम १२६, सगळंच खाली. डॉक्टरांनी विचारलं, काय औषधं घेता? मी म्हटलं, काही नाही. (लाज वाटली हो.) मुलानेच खिशातून पुडीचा कागद काढून दाखवला. त्यांनी आधी रक्त काढून घेतलं, मग इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. दोन-तीन तासांनी मी चहा मागितला.

रिपोर्टात सकाळचं कॉर्टिसोल (शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड) १.२ आलं, फारच कमी. डॉक्टर म्हणाले, पुडीत स्टेरॉइड असणार, त्यामुळे तुमच्या शरीराने स्वतःचं बनवायचं सोडून दिलंय. आता हायड्रोकॉर्टिसोनची गोळी चालू आहे, सकाळी उठल्या उठल्या १०, दुपारी दोनला ५. गेल्या महिन्यात पुन्हा तपासलं तर ६.१. "वाढतंय, पण अजून पुरेसं नाही, थांबा" म्हणाले. वजन ७१.

माझे प्रश्न:

डॉक्टर कॉर्टिसोल वाढवायची गोळी देतात. पुण्याच्या नणंदेने कॉर्टिसोल कमी करायच्या अश्वगंधा गमीजची (चघळायच्या गोळ्या) बरणी पाठवलीय, वर रील पाठवलंय की गोल चेहरा म्हणजे कॉर्टिसोल आणि त्याचं कारण टेन्शन. मग माझं जास्त आहे की कमी? ही गोळीसुद्धा स्टेरॉइडच, मग ती वजन उतरू देईल का? आणि व्यायाम कोणता करू? प्रीतिसंगमावर चालायला गेले तर येताना पाय लटलटतात, घाटाच्या पायऱ्या चढवत नाहीत. गुडघे परत दुखतात ते वेगळंच.

---

रोखठोक_नाना
१४ जून, रात्री १०:२२

स्टेरॉइड म्हणजे विष. एक विष सोडून दुसरं घेताय. उद्यापासून गोळी बंद करा. सकाळी कोमट पाणी, लिंबू, मध, दहा सूर्यनमस्कार. वजन झरझर उतरेल. स्वानुभव.

---

लोणच्याचा_खार (नागपूर)
१४ जून, रात्री १०:४१

नाना, हात जोडते, हा प्रतिसाद मागे घ्या. जानेवारीत या बाईंची जी अवस्था झाली ती पुड्या एकदम बंद झाल्याने झाली. तेच पुन्हा करायला सांगताय.

शिलाईमाई, गोळी बंद करू नका. मी नऊ वर्षं हीच गोळी घेतेय. माझी गोष्ट तुमच्या उलटी. मला टीबी झाला होता आणि त्याने मूत्रपिंडाच्या डोक्यावरच्या दोन्ही ग्रंथी, अॅड्रिनल म्हणतात त्या, खाऊन टाकल्या. थॉमस अॅडिसन या इंग्रज डॉक्टरने १८५५ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, तेव्हाही टीबी हेच त्याचं मोठं कारण होतं. आपल्याकडे अजून आहे. माझं वजन आठ महिन्यांत ५४ चं ४३ झालं. रंग काळवंडला, हिरड्या आणि तळहाताच्या रेषासुद्धा. सासूबाई म्हणायच्या, उन्हात फिरते, ऐकत नाही. आणि मी रात्री उठून बरणीतला लोणच्याचा खार चमच्याने खायची. आयडी तिथूनच आलाय.

माझ्या ग्रंथी गेल्या त्या गेल्या, जन्मभराची गोळी. तुमच्या शाबूत आहेत, नुसत्या झोपल्यात. बाहेरून आयतं मिळत होतं म्हणून मेंदूने त्यांना हुकूम देणंच बंद केलं. जागं व्हायला काहींना महिने लागतात, काहींना वर्षाच्या वर. तोवर गोळी म्हणजे काठी.

तुमच्या डॉक्टरांकडून या गोष्टी लिहून घ्या, तोंडी नको. ताप आला तर गोळी किती वाढवायची (मला दुप्पट सांगितलीय, ताप उतरेपर्यंत). उलटी होऊन गोळी पोटात टिकलीच नाही तर काय करायचं (माझ्या घरी हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन असतं, नवऱ्याला मांडीत द्यायला शिकवलंय, ते देऊन सरळ दवाखाना गाठायचा). दात काढायचा असेल, ऑपरेशन असेल, तर आधी सांगायचं. आणि पर्समध्ये एक चिठ्ठी: "मी स्टेरॉइडवर आहे, बेशुद्ध सापडल्यास हायड्रोकॉर्टिसोन द्या."

टीबीची औषधं चालू होती तेव्हा रिफॅम्पिसिनमुळे माझी गोळी शरीरातून लवकर निघून जायची, म्हणून डोस वाढवावा लागला होता. सांगायचं कारण, कुठलंही नवीन औषध सुरू करताना ही गोळी चालू असल्याचं बोलून टाका. पुडीचं लपवलंत तसं नको. (रागावू नका, मीही तिथूनच गेलेय.)

---

शिलाईमाई
१४ जून, रात्री ११:०५

रागावत नाही ताई. चिठ्ठीचं कुणी सांगितलंच नव्हतं. उद्याच लिहून घेते. मुलगा म्हणतोय झोप आता.

---

खलबत्ता
१५ जून, सकाळी ८:१५

माझं औषधांचं दुकान आहे, २२ वर्षं. माई, तुमचा तो "तिसऱ्या दिवशी मांडी घालून बसले" वाला दिवस फार जुना आहे. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताने आखडलेल्या एका बाईला पहिल्यांदा कॉर्टिसोन टोचलं आणि काही दिवसांत ती उठून चालायला लागली. १९५० मध्ये त्या कामाला नोबेल मिळालं: हेंच, केंडाल आणि राइखश्टाइन. पण गोल चेहरे, सूज आणि बिघडलेली मनःस्थिती हेही डॉक्टरांना लवकरच दिसलं. म्हणजे हे औषध दगा देणारं नाही, माप न ठेवता देणारा दगा देतो. दमा, संधिवात, किडनीचे काही आजार, यांत ते जीव वाचवतं. पुडीवाल्याचं पाप हे की त्याने ते न सांगता दिलं, आणि किती दिलं ते त्यालाही माहीत नाही.

"माझं जास्त की कमी" याचं उत्तर: दोन्ही, एकामागून एक. चौदा महिने पुडीतलं स्टेरॉइड जास्त होतं. कंबर, गाल, मानेवरचा उंचवटा, जांभळे पट्टे, बारीक दंड, ही सगळी त्याची सही. पुडी थांबल्यावर तुमचं स्वतःचं कमी पडलं. आता गोळी तेवढीच भर घालते जेवढी निरोगी शरीर रोज बनवतं. तुमची १५ मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे साधारण पावणेचार मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन (डॉक्टर नेहमी देतात ते दुसरं स्टेरॉइड). त्या मापाने वजन चढत नाही सहसा. पुडीत याच्या कितीतरी पट असणार.

सकाळी मोठा डोस आणि दुपारी छोटा का, तर शरीरात कॉर्टिसोल पहाटे चढतं आणि मध्यरात्री तळाला जातं. गोळी त्या लयीची नक्कल करते. दुपारची विसरलात म्हणून रात्री झोपताना घेऊ नका, झोप उडेल.

६.१ बद्दल. सकाळचं कॉर्टिसोल १० च्या वर गेलं तर ग्रंथी जाग्या झाल्या असं बहुतेक डॉक्टर धरतात, ५ च्या खाली म्हणजे झोपलेल्याच. मधलं असेल तर गोळी चालू ठेवून काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचं, किंवा इंजेक्शन देऊन ग्रंथी किती उत्तर देतात ते बघायचं. तुमचे डॉक्टर बरोबर चाललेत. तपासणीच्या आधी गोळी कधी थांबवायची ते मात्र नीट विचारून घ्या. गोळी घेऊन रक्त दिलंत तर रिपोर्टात गोळीच दिसेल.

नणंदेच्या गमीज: नको. ज्याचं कमी पडतंय त्याने कमी करणारं का खायचं? शिवाय अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत आणि थायरॉइडवरही तिचा परिणाम होऊ शकतो. वनस्पती आहे म्हणून निरुपद्रवी असं नसतं, हे मी खलबत्ता नावाने लिहितोय! तसंच ज्येष्ठमधाचा काढा रोज घेत असाल तर तोही थांबवा. ज्येष्ठमध शरीरात कॉर्टिसोल मोडू देत नाही, बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. घशाला एखादी कांडी चघळली तर ठीक.

---

फास्ट_लोकल (ठाणे)
१५ जून, दुपारी १:३०

थोडं अवांतर, पण "टेन्शनने गोल चेहरा" या रीलचा मीही बळी. बँकेत आहे, वय ४१. गेल्या वर्षी मार्च एंडिंगनंतर पोट सुटलं, झोप नाही, म्हणून कुणालाही न विचारता लॅबमध्ये जाऊन सकाळचं कॉर्टिसोल केलं. १९ आलं. इंटरनेटवर वाचून हातपाय गार. हार्मोनच्या डॉक्टरांकडे गेलो तर ते हसले. म्हणाले, सकाळी आठला १९ म्हणजे तुम्ही जागे आहात इतकंच कळतं.

खरंच जास्त आहे का ते बघायला रात्री अकराला डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची १ मिलिग्रॅमची गोळी घेऊन सकाळी आठला रक्त द्यायला सांगितलं. निरोगी माणसात ते १.८ च्या खाली दबतं. माझं ०.९ आलं. म्हणजे आजार नाही. मग विचारलं, किती वाजता जेवता, किती वाजता झोपता? साडेअकराच्या गाडीने घरी येऊन बाराला जेवायचो, दोनपर्यंत मोबाइल. "याला गोळी नाही," म्हणाले. साध्या ताणासाठी कॉर्टिसोल उतरवणारं औषध नसतं, ती औषधं गाठीमुळे होणाऱ्या कुशिंगच्या (शरीरात कॉर्टिसोल फार वाढण्याच्या आजाराच्या) रुग्णांना देतात.

आता जेवण ऑफिसातच आठला डब्यातून, आणि स्टेशनवरून घरापर्यंत रिक्षा बंद. चार महिन्यांत चार किलो. काही मोठं नाही, पण झोप आली.

---

पायवाट (नाशिक)
१५ जून, रात्री ९:१०

फिजिओथेरपिस्ट आहे. माई, एक सांगा, उकिडवं बसून हात न टेकता उठता येतं का?

---

शिलाईमाई
१५ जून, रात्री ९:३२

नाही. कोथिंबीर निवडून उठताना ओट्याचा आधार लागतो. फडताळाच्या वरच्या खणातलं कापड काढताना हातही भरून येतात.

---

पायवाट
१५ जून, रात्री १०:२०

तेच वाटलं. जास्तीच्या स्टेरॉइडने मांड्यांचे आणि खांद्यांचे स्नायू झिजतात. तुमच्या टेपने ते तुमच्या आधी ओळखलं. पाय लटलटतात ते गुडघ्यांपेक्षा जास्त त्यामुळे. म्हणून आत्ता वजन उतरवायच्या मागे लागून उपास आणि मैलोन्‌मैल चालणं करू नका, उरलासुरला स्नायूही जाईल. आधी स्नायू परत आणायचा, कंबर मागून उतरते.

व्यायाम सकाळची गोळी आणि नाश्ता झाल्यावर तासाभराने. उपाशीपोटी, गोळीआधी नाही. तुमची शिवायची खुर्ची भिंतीला टेकवा, दोन्ही हात छातीवर. उठा, बसा. बसताना धपकन नाही, बसताना सावकाश, तीन मोजत. अर्ध्या मिनिटात किती होतात ते वहीत लिहा. तुमच्याच पानावर! दिवसाआड करायचं. मग ओट्याला धरून टाचा उचलणं, आणि भिंतीवर तळवे ठेवून भिंत ढकलणं.

चालणं दोन वेळच्या जेवणानंतर दहा-दहा मिनिटं, सपाट रस्त्यावर. घाट सध्या नको. गप्पा मारता याव्यात पण गाणं म्हणवू नये, इतका वेग. दुसऱ्या दिवशी अंथरूण सोडवत नसेल तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजून निम्मं करा.

सूर्यनमस्कार आत्ता नाही. चौदा महिन्यांच्या स्टेरॉइडने हाडं पोकळ झालेली असू शकतात, कमरेतून पुढे वाकून झटका बसला तर मणका दबतो. डॉक्टरांना हाडांच्या घनतेची तपासणी आणि कॅल्शियम, ड जीवनसत्त्वाबद्दल विचारा. तोवर जमिनीवरचं काही उचलायचं तर गुडघ्यातून.

आणि मशीनवर सलग बसू नका. बाही जोडली की उठा, हुकं लावली की उठा. ताटात भाकरी एक कमी, मटकी किंवा अंडं एक जास्त. अनुलोम-विलोम, भ्रामरी झोपायच्या आधी करा, त्याने कॉर्टिसोलचं काय होईल ते जाऊ द्या, झोप लागेल.

गुडघ्यांचं म्हणाल तर, स्टेरॉइड उतरताना अंग दुखू शकतं, ते हळूहळू निवळतं. पण मूळचा संधिवात आहे का, याची तपासणी राहिलीच आहे. ती पुडीने झाकली होती.

---

शिलाईमाई
९ ऑगस्ट, रात्री ८:४०

मंडळी, धागा वर काढतेय.

वहीतलं पान: वजन ६९ आणि अर्धा. कंबर ३७. दंड ११! खुर्चीवरून उठणं पहिल्या दिवशी सहा झाले होते, तेही शेवटचं डगमगत. आता अकरा. बसताना तीन मोजायचं ते सगळ्यात अवघड, उठण्यापेक्षा. मागचा गळा अजून थोडा उचलतो पण पूर्वीइतका नाही. पट्टे जांभळ्याचे पांढुरके झाले.

डॉक्टरांनी दुपारची गोळी काढली, सकाळची १० फक्त. सप्टेंबरात परत रक्त. हाडांची तपासणी झाली, कमरेत विरळ आहेत, कॅल्शियम चालू. गुडघ्यांत नुसती झीज निघाली, संधिवात नाही. म्हणजे ती पुडी मुळात कशासाठी घेतली, देव जाणे.

जुलैत ताप आला, १०१. खारताईंनी सांगितलं तसं लिहून घेतलेलं होतं, तीन दिवस दुप्पट घेतली आणि चौथ्या दिवशी पहिल्यावर आले. घाबरले नाही. चिठ्ठीसाठी एक चंची शिवलीय, आजीची असायची पान-सुपारीची तशी. एका कप्प्यात गोळ्या, एकात चिठ्ठी, वर लाल दोऱ्याने अधिक चिन्ह. श्रावणी सोमवार यंदा धरले नाहीत. डॉक्टर म्हणाले, दिवसभर उपाशी नको.

गमीज कचऱ्यात टाकल्या. बरणी चांगली होती, तिच्यात हुकं ठेवलीत. नणंदेला अजून सांगितलेलं नाही.

आणि एक. गौरीच्या ब्लाउजांचं काम सुरू झालंय. परवा एक बाई आली, चाळिशीची. टेप लावला तर कंबर तंग आणि दंड सैल, मागचा गळा उचललेला. माझा हात तिथेच थांबला. विचारलं, पुड्या कुठून घेता? आधी हसली. मग पर्स उघडली आणि कागदात बांधलेली पुडी माझ्या कटिंगच्या टेबलावर ठेवली.

---

खलबत्ता
९ ऑगस्ट, रात्री ९:०५

तिला म्हणावं, घाबरून आज बंद करू नको! आधी डॉक्टर, मग हळूहळू उतरवणं. आणि पुडी फेकू नका, सोबत न्या. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारही करता येते.

---

शिलाईमाई
९ ऑगस्ट, रात्री ९:१८

तेच सांगितलं. एकटी जायला घाबरते, म्हणून उद्या मीच जातेय तिच्याबरोबर. साडेदहाचा नंबर लावलाय. पुडी हुकांच्या बरणीत आहे.